कमी पैशांत नवी वस्तू बाजारात आणायची तर

"जाहिरातीला किती पैसे बाजूला ठेवू?" नवी वस्तू घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. लोगो झालेला असतो, नाव ठरलेलं असतं, इन्स्टाग्रामवर पान उघडलेलं असतं आणि खिशात जेमतेम एक खेप माल काढण्यापुरते पैसे असतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: सध्या काहीच ठेवू नका. आधी मला सांगा, ही वस्तू नेमकं कोण घेणार आणि ती माणसं एकमेकांना कुठे भेटतात?

या प्रश्नाचा दुसरा भाग लोक सोडून देतात, आणि खरा कस तिथेच लागतो. मोठी कंपनी पैसे टाकून अनोळखी माणसांचं लक्ष विकत घेते. एकच जाहिरात इतक्या वेळा डोळ्यांसमोर नाचवते की नाव तोंडपाठ होतं. आपल्याला ते परवडत नाही. आपला सगळा भार एकाने दुसऱ्याला सांगण्यावर, आणि असं सांगणं होतं ते रोज एकमेकांना बघणाऱ्या माणसांत. म्हणून पैसा कमी असेल तर गर्दीही लहान निवडायची. इतकी लहान, की तिच्यातल्या वीस जणांनी वस्तू घेतली तर बाकीच्यांच्या नजरेतून ती सुटूच नये.

लहान उद्योगांना विक्रीत मदत करणं हे माझं काम. पण इथे उदाहरण घरचंच घेते, कारण त्यातले बारकावे मला नीट ठाऊक आहेत. माझ्या भाच्याने प्लायवूडचा घडीचा पुस्तक-स्टँड बनवला. दोन फळ्या, एकमेकींत अडकणाऱ्या खाचा, स्क्रू एकही नाही. सोडवला की सपाट होऊन पिशवीत जातो. जाड पुस्तक त्यावर तिरकं उभं राहतं आणि वाचणाऱ्याला मान मोडून बसावं लागत नाही.

गिऱ्हाईक कोण

"मावशी, हा कुणालाही चालेल," भाचा म्हणाला. "विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत, ऑफिसातली माणसं आहेत, घरी आजोबा पेपर वाचतात ते आहेत..."

कुणालाही चालणारी वस्तू विकायला सगळ्यात जास्त खर्च येतो. चार प्रकारच्या लोकांना चार वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात, चार ठिकाणी जावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी आपण नवखे. मी त्याला म्हटलं, एकच वाक्य लिही: कोण, कधी आणि कशाने वैतागतो. तास-दोन तासांच्या खटपटीनंतर वाक्य झालं ते असं: "वाचनालयात रोज चार-पाच तास जाड पुस्तकं घेऊन बसणारा आणि संध्याकाळी मान चोळत उठणारा विद्यार्थी." आजोबा गेले, ऑफिस गेलं. त्याचं तोंड जरा उतरलं, पण काम सोपं झालं.

गर्दी निवडताना मी तीन गोष्टी बघते. ती माणसं एकमेकांना भेटतात का? वाचनालयात शेजारी-शेजारी बसतात, म्हणजे भेटतात. त्यांच्यापर्यंत आपल्याला फुकट पोचता येतं का? भाचा स्वतः तिथे बसायचा, म्हणजे येतं. आणि या त्रासावर ती आजच काहीतरी करतायत का? ही तिसरी कसोटी मी सगळ्यात वरची मानते. वाचनालयात नजर टाकली तर कुणी पाण्याच्या बाटलीला पुस्तक टेकवलेलं, कुणी दोन शब्दकोश एकावर एक रचून त्यावर वही ठेवलेली, एकाने तर पुठ्ठ्याच्या खोक्याला चिकटपट्टी लावून उतार केलेला. जिथे असा जुगाड दिसतो तिथे गरज खरी आहे असं समजावं. जिथे माणसं नुसतं "हो, त्रास होतो खरा" म्हणतात आणि करत काहीच नाहीत, तिथे ती पैसेही देणार नाहीत.

बनवण्याआधी विचारा, पण "घ्याल का?" असं विचारू नका

"घ्याल का?" या प्रश्नाला भली माणसं "हो" म्हणतात. त्यात त्यांचं काही जात नाही आणि तुमचं मन राखलं जातं. मित्र आणि नातेवाईक तर याबाबतीत सगळ्यात निरुपयोगी. त्याऐवजी मागे घडलेलं विचारा. मागच्या वेळी मान दुखली तेव्हा काय केलंस? काही विकत घेतलंस का? घेतलंस तर आता ते कुठे आहे? "घेतला होता एक धातूचा, पण क्लिपा पानं फाडतात म्हणून कपाटात पडलाय," हे उत्तर सोन्याच्या मोलाचं. त्यातून कळतं की माणूस पैसे देतो, किती देतो ते कळतं आणि तुमच्या वस्तूत काय नसावं तेही कळतं. भाच्याने पान धरायला क्लिप लावायचा बेत तिथेच सोडला आणि खाली नुसती एक खोबण ठेवली.

यापुढची पायरी अशी, की वस्तू पूर्ण तयार नसतानाच ती विकून बघायची. 1999 साली निक स्विनमर्नला जोडे इंटरनेटवरून विकता येतील का हे बघायचं होतं. त्याने गोदाम घेतलं नाही. दुकानांत जाऊन जोड्यांचे फोटो काढले, ते वेबसाइटवर टाकले आणि ऑर्डर आली की त्या दुकानातून जोडा विकत घेऊन पाठवला. अशा प्रत्येक विक्रीत नफा मिळणार नव्हता, पण माणसं पायात न घालता जोडे घेतात का, या प्रश्नाचं उत्तर मिळणार होतं. पुढे त्याचीच झॅपोस ही ऑनलाइन जोडे विकणारी मोठी कंपनी झाली. 2010 मध्ये बफर या, सोशल मीडियावरच्या पोस्ट ठरल्या वेळी टाकणाऱ्या सेवेच्या जोएल गॅसकॉइनने तर आधी फक्त दोन पानं केली. पहिल्या पानावर सेवा काय आहे ते. पुढे गेलं की "अजून तयार नाही, ईमेल ठेवा". लोकांनी ईमेल ठेवल्यावर त्याने मध्ये दरांचं एक पान घातलं आणि दर बघूनही कोण पुढे जातं ते तपासलं.

आपल्यासारख्यांसाठी याचा सोपा अवतार म्हणजे आगाऊ नोंदणी. एक नमुना, एक फोटो, एक किंमत, एक तारीख. आगाऊ पैसे घ्यायचे असतील तर ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि "तारखेला दिलं नाही तर सगळे पैसे परत" हे लिहून द्या. पूर्ण रक्कम घ्यायचीही गरज नसते. थोडी घेतली तरी "घेईन" म्हणणारे आणि खरोखर घेणारे लगेच वेगळे होतात. त्या वेळी जो आकडा उरतो तो बहुतेकदा मन खट्टू करणारा असतो. तरीही तोच आकडा धरून चाला.

हिशेब

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण नव्या माणसांचे पैसे जाहिरातीपेक्षा हिशेबात जास्त बुडतात.

विक्रीची किंमत 100 धरा. वस्तू बनवायला 40 लागले. खोका, कागद, चिकटपट्टी मिळून 5. पोचवायला 12. ऑनलाइन पैसे घेण्याचा खर्च 3. मोडलेले, परत आलेले, हरवलेले नग धरून सरासरी 4. उरले 36. हे 36 म्हणजे अजून नफा नव्हे. त्यातून नमुन्यांचा खर्च, फोटो, वेबसाइटचं भाडं आणि प्रवास हे एकदाच होणारे खर्च फेडायचे आहेत. ते सगळे मिळून 3600 असतील तर 100 नग विकल्यावर तुम्ही शून्यावर येता. नफा एकशे एकाव्या नगापासून सुरू.

आता कुणीतरी सांगतं, "सुरुवातीला 20 टक्के सूट दे, लोक तुटून पडतील." किंमत 80 झाली. खर्च जवळजवळ तेवढाच राहिला. 36 ची जागा 16 ने घेतली. तेच 3600 फेडायला आता 225 नग विकावे लागतात. सूट पाचव्या हिश्श्याची, पण काम दुपटीहून जास्त वाढलं. म्हणून सुरुवातीच्या गिऱ्हाइकांना काही द्यायचंच असेल तर सूट देऊ नका, दुसरं काहीतरी द्या: स्वतः आणून देणं, नाव कोरून देणं, मोडलं तर बदलून देणं. शिवाय आज 80 ला घेतलेली वस्तू उद्या 100 ला झाली की ज्याने सांगायचं तोच "आता महाग केली" म्हणून सांगत फिरतो.

याच आकड्यांवरून जाहिरातीचाही निकाल लागतो. एक गिऱ्हाईक आणायला जाहिरातीत 30 गेले तर हातात 6 राहतात. 40 गेले तर प्रत्येक विक्रीमागे तुम्ही पदरचे 4 घालताय, आणि विक्री वाढली की तोटाही वाढतो. स्वतःची मजुरी "40" मध्ये धरायलाही विसरू नका. रात्री जागून फुकट केलेलं काम पहिल्या खेपेला दिसत नाही. ऑर्डरी वाढून माणूस ठेवायची वेळ आली की लगेच दिसतं.

पहिली खेप लहानच काढा. कारखानदार सांगेल की पाचशे नग घेतले तर एकेक नग निम्म्यात पडेल, आणि ते खरंही असेल. पण पहिल्या खेपेत काहीतरी बदलावं लागणार हे जवळजवळ नक्की असतं, आणि स्वस्तात घेतलेले चारशे न खपलेले नग महागात पडतात. प्लॅस्टिकच्या वस्तूचा साचा बनवणं हा तर मोठाच खर्च. साच्याकडे जाण्याआधी लेझर कटिंग, शिवणकाम, सुतारकाम, थ्रीडी प्रिंट यांपैकी काही चालतं का ते बघा. नग महाग पडेल, पण खाच दोन मिलिमीटर रुंद करायची झाली तर फाइल बदलली की काम होतं.

या हिशेबाच्या कागदावर शेवटी एक आकडा लिहून ठेवा: किती पैसे गेले तर चालेल. तो आधी, डोकं थंड असताना लिहायचा. माल अंगावर पडल्यावर लिहिलेला आकडा दर आठवड्याला वाढत जातो.

पैसे कशावर, कशावर नाही

फोटोवर खर्च करा. खर्च म्हणजे स्टुडिओच हवा असं नाही. खिडकीशेजारचं टेबल, समोर पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा म्हणजे सावली मऊ होते, आणि वस्तू वापरात असलेली. स्टँडचा नुसता फोटो बघून तो केवढा आहे ते कळेना. त्यावर जाड पुस्तक, पानावर बोट आणि बाजूला चष्मा ठेवला तेव्हा सगळं एका नजरेत कळलं. दुसरा फोटो घडी घालून पिशवीत सरकवतानाचा. तिसरा खाचेचा, अगदी जवळून, कारण "मोडणार नाही ना?" ही शंका तिथेच असते. घरं थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीचे संस्थापक 2009 मध्ये न्यूयॉर्कमध्ये घरोघरी जाऊन यजमानांच्या घरांचे फोटो स्वतः काढत होते, कारण वाईट फोटोंमुळे चांगली घरंही कुणी भाड्याने घेत नव्हतं. हजारो घरांसाठी ही युक्ती चालली नसती. तेव्हा घरं मोजकी होती म्हणून चालली. लहान असण्याचा हा फायदा वसूल करून घ्यावा.

पॅकिंगवर खर्च करा, म्हणजे वस्तू धड पोचेल इतका. बॉक्स भरून बंद करा आणि कंबरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर पाडून बघा. चकचकीत छपाईचा खोका नंतर कधीतरी.

आणि नमुन्यांवर खर्च करा. पोस्ट-इटच्या चिकटणाऱ्या चिठ्ठ्या आज कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत, पण थ्रीएम या अमेरिकी कंपनीने 1977 मध्ये त्या चार शहरांत दुसऱ्या नावाने विकायला ठेवल्या तेव्हा फारसं कुणी घेतलं नाही. जाहिरातीत वाचून त्यांचा उपयोग लोकांना उमगेना. 1978 मध्ये कंपनीने बॉइसी शहरातल्या ऑफिसांत त्या फुकट वाटल्या. वापरलेल्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी विकत घेऊ म्हणून सांगितलं आणि 1980 मध्ये अमेरिकाभर विक्री सुरू झाली. थ्रीएमला शहरभर वाटणं परवडलं. आपण कुणाला द्यायचं ते निवडायचं. ज्याच्या टेबलाकडे चार जण बघतात त्याला द्या. वाचनालयात असा एक जण असतोच, दाराजवळच्या टेबलावर बसणारा, ज्याला सगळे शंका विचारतात. त्याला आठवडाभर वापरायला दिलेला एक स्टँड गठ्ठाभर पत्रकांपेक्षा जास्त काम करतो. आठवड्याने परत मागायला जायचं. त्याने द्यायला कुरकुर केली तर वस्तू चांगली आहे, आणि त्याने आनंदाने परत दिली तर बनवणाऱ्याने पुन्हा विचार करायला बसावं.

वस्तूच जाहिरात करत असेल तर आणखी उत्तम. 1996 मध्ये हॉटमेल सुरू झालं तेव्हा तिथून जाणाऱ्या प्रत्येक ईमेलखाली "तुम्हीही फुकट घ्या" अशा अर्थाची एक ओळ असे. वापरणाराच नकळत प्रचारक झाला. भाच्याने आपलं नाव स्टँडच्या पुढच्या पट्टीवर कोरायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, पुढची बाजू दिसते कुणाला? ज्याने आधीच घेतलाय त्याला. समोर बसलेल्याला दिसते पाठ. नाव आणि फोन नंबर पाठीवर गेले, बोटभर उंचीच्या अक्षरांत.

कशावर खर्च करू नका ते पटकन सांगते. व्हिजिटिंग कार्डं, उद्‌घाटन समारंभ, महागडी वेबसाइट, फॉलोअर विकत घेणं. लोगो साधा, वाचता येईल असा असला की पुरे. काटकसर कुठे नको तेही सांगून ठेवते. खाण्याच्या, अंगाला लावण्याच्या, लहान मुलांच्या किंवा विजेवर चालणाऱ्या वस्तूंना आपापल्या देशात चाचण्या आणि परवाने लागतात. ते पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा आणि परवडत नसतील तर वस्तू बदला. नाव आधी कुणी नोंदवलेलं नाही ना, हेही छपाईच्या आधी तपासा.

शब्द गिऱ्हाइकाचेच वापरा

वेबसाइट एका पानाची चालते. वर फोटो, खाली एक वाक्य, मग किंमत, कसा मागवायचा, कधी मिळेल, आवडला नाही तर काय. भाच्याने पहिलं वाक्य लिहिलं होतं: "अर्गोनॉमिक डिझाइनचा अत्याधुनिक वाचन सोबती." वाचनालयात असं कुणी बोलताना मी तरी ऐकलं नाही. तिथली मुलं म्हणत, "मान अवघडते", "पुस्तक सारखं मिटतं", "पिशवीत मावत नाही". हीच तीन वाक्यं उलटी फिरवली आणि मजकूर तयार झाला: "मान अवघडत नाही. पुस्तक मिटत नाही. घडी होऊन पिशवीत मावतो." गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवा. तेवढ्याने मजकूर लिहिणाऱ्याचे पैसे वाचतात.

किंमत लपवू नका. "किमतीसाठी मेसेज करा" असं लिहिलं की निम्मी माणसं तिथूनच परत जातात आणि उरलेल्यांना उत्तरं देण्यात तुमची संध्याकाळ जाते.

व्हिडिओबद्दल मला हमखास विचारतात, कारण सगळ्यांनी घरपोच दाढीची पाती विकणाऱ्या डॉलर शेव्ह क्लबची गोष्ट ऐकलेली असते. 2012 चा तो व्हिडिओ साधारण साडेचार हजार डॉलरमध्ये झाला आणि दोन दिवसांत 12,000 ऑर्डरी आल्या, हे खरं. पण त्यात बोलणाऱ्या मायकेल डुबिनने कितीतरी वर्षं विनोदी नाट्यप्रयोगांचं प्रशिक्षण घेतलं होतं, ते कुणी सांगत नाही. माझ्या मते आपल्याला जास्त शिकवतो तो ड्रॉपबॉक्स या, फाइली इंटरनेटवर ठेवून सगळ्या संगणकांवर मिळवून देणाऱ्या सेवेचा व्हिडिओ. ड्रू ह्यूस्टनने 2008 मध्ये पडद्यावर फाइली इकडून तिकडे कशा जातात ते दाखवत, स्वतःच्या आवाजात तो केला. डिग या संकेतस्थळावर वावरणाऱ्या तंत्रवेड्या मंडळींनाच कळतील अशा गमती त्यात पेरल्या. प्रतीक्षायादी एका रात्रीत 5,000 वरून 75,000 वर गेली. बाहेरच्या माणसाला तो व्हिडिओ कंटाळवाणा वाटला असता, आणि त्याने काही बिघडत नव्हतं. तुमच्या लहान गर्दीला "हा आपल्यातलाच" असं वाटलं पाहिजे. बाकीच्यांना नाही समजलं तरी चालेल.

प्रत्यक्ष विक्री

पहिल्या दहा जणांना हाताने विका. ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं होऊ नका; ग्रुपवरचा मेसेज कुणालाच उद्देशून नसतो. एकेकाला, नाव घालून लिहा. भाच्याने पाठवलेला मेसेज साधारण असा होता:

"नमस्कार. तुम्ही वाचनालयात रोज बसता म्हणून विचारतोय. जाड पुस्तकासाठी घडीचा लाकडी स्टँड बनवलाय, फोटो सोबत आहे. किंमत फोटोवर लिहिली आहे. 10 तारखेला वाचनालयातच आणून देईन, आठवडाभर वापरून नाही पटला तर पैसे परत. तुम्हाला नको असेल तर काहीच हरकत नाही, पण असं तासन्‌तास वाचणारं ओळखीचं कुणी असेल तर सुचवाल का?"

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. नकार द्यायला माणसाला अवघड वाटतं आणि मग तो उत्तरच देत नाही. दुसऱ्याचं नाव सुचवायची वाट दिली की उत्तर येतं, आणि बऱ्याचदा नावासकट येतं. उत्तर नाहीच आलं तर चार-पाच दिवसांनी एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको.

आणून द्यायला स्वतः जा आणि समोर उघडायला सांगा. गप्प बसून बघा. हे भाच्याला फार जड गेलं, कारण समोरचा अडखळला की याचे हात शिवशिवत. पण अडखळतो कुठे तेच तर बघायचं असतं. जवळजवळ प्रत्येक जण दुसरी फळी आधी उलटी घालून बघत होता. फळ्या दिसायला दोन्ही बाजूंनी सारख्या, मग कळणार कसं? सूचनांचा कागद छापायचा विचार आला होता. त्याऐवजी दोन्ही फळ्यांच्या एकेका कोपऱ्यात ठिपका कोरला, ठिपक्याला ठिपका आला की बरोबर. कागदाचा खर्च वाचला आणि पुढे तो प्रश्न कुणी विचारला नाही.

प्रत्येक विक्रीची नोंद साध्या वहीत ठेवा: कोण, कुठून कळलं, काय म्हणाला, पुढे कुणाला पाठवलं. शेवटचा रकाना सगळ्यात आधी वाचायचा. वीस-एक विक्रीनंतर तो अगदीच रिकामा असेल तर जाहिरातीने तो भरणार नाही. वस्तू तरी बदला, नाहीतर गर्दी. लोकांना वस्तू आवडते पण सांगत मात्र कुणी नाही, असंही होतं. विशेषतः लोक ज्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत अशा वस्तूंचं. तिथे तोंडी प्रचारावर विसंबून चालत नाही, दुकानाचा आधार घ्यावा लागतो.

दुकानात जाताना हिशेब पुन्हा मांडा. दुकानदार त्याचा वाटा घेणार, तो 30 ते 50 टक्केही असू शकतो, आणि वरच्या हिशेबातले पोचवण्याचे 12 वाचून 36 चे 48 झाले तरी 50 टक्के वाटा त्यातून निघत नाही, आणि 30 टक्के दिले तरी हातात 18 च उरतात. म्हणजे दुकानात जायचंच असेल तर किंमत सुरुवातीपासून तशी धरायला हवी. पहिल्यांदा बहुतेक दुकानदार माल जांगडवरच ठेवून घेतात: विकला तर पैसे, नाही तर परत. थोडे नग अशा तत्त्वावर द्यायला हरकत नाही, पण किती दिले, कधी मोजायचे आणि खराब झाले तर कुणाचं नुकसान, हे चलनावर लिहून सही घ्या. आणि बोलण्यापेक्षा दाखवा. कपड्यांच्या आत घालून अंग नीट आकारात दाखवणारे स्पँक्स विकणारी सारा ब्लेकली 5,000 डॉलरच्या बचतीवर उभी राहिली. वकिलाचे पैसे वाचवायला पेटंटचा अर्ज बराचसा तिने स्वतः लिहिला होता. मोठ्या दुकानाची खरेदी बघणारी बाई नुसतं ऐकून वळत नाही असं दिसल्यावर साराने त्या बाईला सरळ प्रसाधनगृहात नेलं आणि तेच कपडे स्पँक्स घालून आणि न घालता कसे बसतात ते दाखवलं. ऑर्डर मिळाली. स्टँडच्या बाबतीत भाचा दुकानदाराच्याच टेबलावरचं हिशेबाचं जाड बाड उचलून स्टँडवर ठेवतो. पुढचं बोलणं मग दुकानदारच सुरू करतो.

जाहिरात कधी

वही भरायला लागली, लोक आपणहून विचारायला लागले आणि एका नगामागे हातात नेमके किती उरतात ते कळलं, की मग थोडे पैसे टाकून बघा. ज्या फोटोवर लोकांनी आजवर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले तोच फोटो, तेच वाक्य आणि एकाच प्रकारचे लोक. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कळत नाही. किती पैसे टाकायचे ते आधी ठरवा. ते संपले की थांबा आणि एका विक्रीमागे किती गेले ते काढा. लाइक मोजू नका. आकडा तुमच्या 36 च्या बराच खाली असेल तर पुन्हा टाका. जवळपास किंवा वर असेल तर ते पैसे दुसऱ्या वाचनालयात द्यायच्या नमुन्यांना वापरा.

दुसरी गर्दी निवडताना पहिलीच्या शेजारची घ्या. भाच्याला लगेच ऑफिसांत जायचं होतं. पण वहीत "पुढे कुणाला पाठवलं" या रकान्यात संगीत शिकणाऱ्यांची नावं पुन्हा पुन्हा येत होती. वाचनालयातल्या काही जणांनी तोच स्टँड स्वरलिपीची वही ठेवायला घरी वापरला होता. त्यांना खोबण थोडी खोल हवी होती, कारण वही पातळ असते आणि वाऱ्याने सरकते. दुसरी खेप त्या मापाने काढली, पहिलीपेक्षा थोडीच मोठी, किंमत तीच ठेवून.